नियमांची मोजदाद : परसबागेच्या वाफ्यावर

पर्युषण पर्व संपते, संवत्सरीची क्षमापना होते, तपस्व्यांची पारणी पार पडतात आणि घराघरांत घेतलेल्या नियमांची खरी परीक्षा त्यानंतरच सुरू होते. व्याख्यान, पौषध, प्रतिक्रमण यांच्या वातावरणात नियम घेणे सोपे जाते. रात्रिभोजन करणार नाही, दुकानात हमालाला अथवा मुनिमाला कठोर शब्द बोलणार नाही, रोज एक सामायिक करीन, असे संकल्प मनापासून केले जातात. पुढे नवरात्र येते, दिवाळीचा माल भरावा लागतो, गिऱ्हाइकांची गर्दी वाढते, वसुलीची घाई होते. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास पूर्ण होतो तेव्हा भाद्रपदात घेतलेल्या नियमांपैकी किती जिवंत आहेत, हे सांगणे बहुतेकांना अवघड जाते.

याच सुमारास घराच्या मागच्या परसात आणखी एक मोजदाद वाट पाहत असते. पावसाळाभर जिकडे कोणाचे लक्ष गेले नाही ती बाग गुडघाभर गवताने भरलेली असते. मोगऱ्याचे झुडूप गवतात दिसेनासे होते, गुलाबाला काटे तेवढे उरतात, कढीपत्त्याच्या बुंध्याशी नको ती रोपे उभी राहतात. बाग कोणी मुद्दाम बिघडवलेली नसते. रोजच्या दहा मिनिटांचे लक्ष तिला मिळाले नाही, एवढेच झालेले असते. नियमांचेही असेच होते. नियम मोडावा असे ठरवून तो कोणी मोडत नाही. त्याच्याकडे पाहणे थांबते आणि तो मोडून पडतो.

व्यापारी घराला हे तत्त्व नव्याने शिकवावे लागत नाही. रोजकीर्द रोज लिहावी, तिची खतावणी वेळेवर करावी आणि वर्षाअखेरीस ताळेबंद मांडावा, हा शिरस्ता पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे. ज्या पेढीवर आठवडाभर कीर्द लिहिली जात नाही ती पेढी नफ्यात आहे की तोट्यात, हे तिच्या मालकालाही सांगता येत नाही. असे असूनही स्वतःच्या स्वभावाचा व्यवहार मात्र बहुधा वहीवाचूनच चालतो.

मुद्रकाची छोटी वही

आत्मपरीक्षणासाठी खरोखरीची वही घालणाऱ्यांमध्ये अमेरिकेतील बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव प्रसिद्ध आहे. १७०६ साली बोस्टन येथे जन्मलेले फ्रँकलिन तरुणपणी फिलाडेल्फियात मुद्रणाचा व्यवसाय करीत असत. मिताहार, मौन, सुव्यवस्था, काटकसर, उद्योग, प्रामाणिकपणा असे १३ गुण त्यांनी निवडले. छोट्या वहीत प्रत्येक गुणासाठी एक पान राखले. त्यावर आठवड्याच्या सात वारांचे उभे रकाने आणि १३ गुणांच्या आडव्या ओळी आखल्या. ज्या दिवशी ज्या गुणाविरुद्ध वर्तन घडे, त्या चौकटीत एक काळा ठिपका ते ठेवीत. एका आठवड्यात एका गुणाकडे विशेष लक्ष द्यायचे, म्हणजे १३ आठवड्यांत एक आवर्तन आणि वर्षात चार आवर्तने पूर्ण होत.

एका वेळी एकच गुण का, याचे कारण सांगताना त्यांनी बागेचाच दाखला दिला आहे. शहाणा माळी सगळ्या बागेतील तण एकदम काढू पाहत नाही. तो एक वाफा घेतो, तो स्वच्छ करतो आणि मगच दुसऱ्याकडे वळतो. ठिपके खोडून तीच पाने पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे त्यांच्या वहीला भोके पडली. तेव्हा ओल्या स्पंजाने पुसता येतील अशा हस्तिदंती पानांवर त्यांनी रकाने उतरवून घेतले. सुव्यवस्थेचा गुण त्यांना अखेरपर्यंत नीटसा साधला नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवले. वही घातल्याने आपण निर्दोष झालो नाही, परंतु न घालता जसे राहिलो असतो त्यापेक्षा बरे झालो, असा त्यांचा उतारवयातील निष्कर्ष आहे.

आपल्यात वाटले होते त्यापेक्षा पुष्कळ अधिक दोष आहेत, हे वही घातल्यावर फ्रँकलिन यांना आधी कळले. बागेत उतरणाऱ्यालाही पहिल्या दिवशी हेच कळते. ओट्यावरून दिसणारे गवत आणि वाफ्यात बसल्यावर दिसणारे गवत यांत मोठे अंतर असते.

पंधरा दिवस, चार महिने, एक वर्ष

जैन परंपरेत ही मोजदाद फार पूर्वीपासून आहे. तिचे नाव प्रतिक्रमण, म्हणजे परत फिरणे. दिवसाचे देवसी, रात्रीचे राई, पंधरवड्याचे पक्खी, चार महिन्यांचे चौमासी आणि वर्षाचे संवत्सरी, अशी तिची पाच रूपे आहेत. पेढीच्या भाषेत बोलायचे तर ही रोजकीर्दीपासून वार्षिक ताळेबंदापर्यंतची पूर्ण व्यवस्थाच आहे.

या कालमर्यादांमागे एक सूक्ष्म विचार दडलेला आहे. कर्मग्रंथांत क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांच्या प्रत्येकी चार श्रेणी सांगितल्या आहेत आणि प्रत्येक श्रेणीची कालमर्यादाही दिली आहे. संज्वलन कषाय पंधरवड्यापर्यंत टिकतो, प्रत्याख्यानावरण चार महिन्यांपर्यंत, अप्रत्याख्यानावरण वर्षापर्यंत आणि अनंतानुबंधी जन्मभर. क्रोधाला दिलेल्या उपमाही तशाच बोलक्या आहेत. पहिला पाण्यावरील रेघेसारखा, दुसरा वाळूतील रेघेसारखा, तिसरा जमिनीला पडलेल्या भेगेसारखा आणि चौथा पर्वताला गेलेल्या तड्यासारखा.

पक्खी, चौमासी आणि संवत्सरी यांच्या मर्यादा या श्रेणींच्या मर्यादांशी जुळतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे. पक्खीला क्रोध विसर्जित झाला तर तो पाण्याची रेघ होता. चौमासीपर्यंत राहिला तर वाळूची. संवत्सरीही ओलांडून पुढे गेला तर तडा खडकाला गेला, असे श्रावकाने समजावे. अप्रत्याख्यानावरण कषाय श्रावकाच्या व्रतांना अडवतो आणि अनंतानुबंधी तर सम्यक्त्वालाच बाधा आणतो, असे शास्त्राचे सांगणे आहे. म्हणून संवत्सरीच्या क्षमापनेला एवढे महत्त्व आले. ती तारीख चुकवणे म्हणजे केवळ एक रिवाज चुकवणे नव्हे.

प्रगती मोजण्याचे हे माप मोठे व्यवहार्य आहे. ‘राग आला की नाही’ एवढाच प्रश्न विचारला तर गृहस्थाच्या वहीत रोज ठिपका पडेल आणि महिनाभरात वही बाजूला जाईल. ‘आलेला राग किती दिवस राहिला’ असा प्रश्न विचारला म्हणजे उत्तर मिळते आणि सुधारणाही दिसते. मागील वर्षी महिनाभर टिकलेला राग यंदा चार दिवसांत शमला असेल, तर तेवढी जमेची बाजू वाढली.

भिंतीपलीकडचे परस

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. तालुक्याच्या गावातील जुना वाडा. दोन भावांची वाटणी होऊन सहा वर्षे झालेली. परसाच्या मधोमध भिंत आलेली. थोरला भाऊ साठीच्या पुढचा, दुकान मुलाच्या हाती सोपवलेला. दरवर्षी तो अठ्ठाई करतो, संवत्सरीला शेकडो परिचितांना मोबाइलवरून ‘मिच्छामि दुक्कडं’ पाठवतो. भिंतीपलीकडच्या भावाला मात्र तो संदेश सहा वर्षांत एकदाही गेलेला नाही.

चातुर्मास संपल्यावर हा गृहस्थ खुरपे घेऊन परसात उतरतो. सोबत नियमांची वही आहे. एक वाफा साफ झाला की ओट्यावर टेकायचे आणि एका नियमाकडे पाहायचे, असा त्याचा क्रम. रात्रिभोजनत्याग : दोन वेळा मोडला, दोन्ही वेळा प्रवासात. सामायिक : दिवाळीच्या आठवड्यात राहिले, नंतर पुन्हा सुरू. दुकानात कठोर बोलणे : पुष्कळ कमी. हिशेब समाधानकारक दिसतो. वाफे एकामागून एक मोकळे होत जातात. आठ दिवसांनी बागेचा एकच पट्टा उरतो, भिंतीलगतचा. तिकडे तो रोज उद्यावर टाकतो. कधी ऊन वाढलेले असते, कधी कंबर दुखते.

नवव्या दिवशी ध्यानात येते की वहीतही हा पट्टा नाही. क्रोधाच्या पानावर दुकान आहे, हमाल आहे, सूनबाई आहे, भाऊ नाही. ज्या खात्यात सर्वांत मोठी थकबाकी, ते खातेच वहीत उघडलेले नाही. मग ताळेबंद जुळला यात नवल ते काय!

भिंतीशी वडिलांनी लावलेले लिंबाचे झाड आहे. त्याला सरळ वर जाणारे जोमदार पाणसोट फुटले आहेत. हे पाणसोट दिसायला सर्वांत तेजस्वी असतात, झाडाचा रस मात्र ओढून घेतात आणि फळ देत नाहीत. मान कषायाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. त्यांतले दोन भिंतीपलीकडे झुकलेले. ते कापायचे तर पलीकडून कोणीतरी फांदी धरायला हवी. बराच वेळ थांबून थोरला हाक मारतो, ‘अरे, लिंबाची फांदी तुझ्या अंगणात पडेल. जरा धरशील का?’ काही क्षण उत्तर येत नाही. मग पलीकडून आवाज येतो, ‘थांबा दादा, शिडी आणतो.’

भिंत तशीच राहते आणि वाटणीच्या कागदातील वादाचा मुद्दाही मिटत नाही. परंतु खाते उघडले जाते. वहीत त्या दिवशी एक नवीन ओळ लिहिली जाते आणि तिच्यापुढे सहा वर्षांची बाकी प्रामाणिकपणे मांडली जाते. पुढच्या पक्खीपर्यंत ती थोडी उतरली, तरी परसातील श्रम सार्थकी लागले.

गाजरगवत आणि लव्हाळा

सगळे तण सारखे नसते, हे बागेत काम करणाऱ्याला लवकर समजते. सगळे दोषही सारखे नसतात.

गाजरगवत बीजातून पसरते. १९५०च्या दशकात पुण्याच्या परिसरात आढळलेले हे परदेशी तण पुढे देशभर पोहोचले, कारण एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. त्याच्यावर उपाय एकच : फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटणे. फूल धरल्यानंतर केलेले श्रम दुप्पट आणि फळ निम्मे. व्रतभंगाच्या चार पायऱ्यांचा क्रम येथे आठवतो. मनात विचार येणे हा अतिक्रम, त्या दिशेने पाऊल टाकणे हा व्यतिक्रम, अंशतः भंग हा अतिचार आणि पूर्ण भंग हा अनाचार. आचार्य अमितगती यांनी व्यतिक्रमाला शीलाच्या कुंपणाचे उल्लंघन म्हटले आहे. ब्रह्मचर्याच्या रक्षणासाठी सांगितलेल्या नऊ वाडींतही शेताच्या कुंपणाचीच कल्पना आहे. विचाराच्या पायरीवर सावध होणे म्हणजे कोवळे रोप दोन बोटांनी उपटणे. अनाचारानंतर मात्र कुदळच लागते.

लव्हाळ्याची गोष्ट निराळी. त्याची पाती उपटली की वाफा स्वच्छ दिसतो आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हिरवा होतो. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते आणि प्रत्येक गाठीला नवा कोंब फुटू शकतो. शास्त्रातील उपशम आणि क्षय यांचा भेद येथे डोळ्यांना दिसतो. मोह केवळ दाबून उपशमश्रेणी चढणारा साधक अकराव्या गुणस्थानापर्यंत पोहोचतो, परंतु दबलेला मोह पुन्हा उठतो आणि तेथून त्याला खाली यावेच लागते. मोहाचा क्षय करीत जाणारा दहाव्यावरून थेट बाराव्या गुणस्थानी जातो आणि मग पडत नाही. एवढ्या उंचीची गोष्ट गृहस्थाच्या आवाक्यातील नव्हे. परंतु दाबणे आणि संपवणे यांतील फरक त्यालाही रोज अनुभवता येतो. गिऱ्हाइकासमोर आवरलेला संताप रात्री घरी मुलांवर निघत असेल, तर पाती कापली गेली, गाठ तशीच राहिली.

लव्हाळ्यावर दोन उपाय चालतात. कोंब दिसेल तेव्हा काढत राहावे, म्हणजे गाठीतील साठा हळूहळू संपतो. आणि त्या जागी दाट सावली देणारे दुसरे काही वाढवावे, कारण लव्हाळा सावलीत दुबळा पडतो. ज्या माणसाविषयी मनात गाठ आहे त्याच्याविषयी केवळ ‘रागावणार नाही’ असा नियम पुरत नाही. त्याच्या भल्याची एखादी कृती सातत्याने घडू लागली, मैत्रीभावनेची सावली दाट झाली, की गाठ आपोआप क्षीण होत जाते.

खुरप्यातील जयणा

येथे जैन वाचकाच्या मनात एक रास्त प्रश्न उभा राहतो. वनस्पती एकेंद्रिय जीव आहे, माती पृथ्वीकाय आहे, पाचोळ्याखाली असंख्य त्रस जीव आहेत. मग बागेत खुरपे चालवून आत्मसुधारणेच्या गोष्टी कशा कराव्यात? या प्रश्नाला बगल देणे योग्य नाही. बागकामात आरंभाची हिंसा आहे आणि ती धर्मकार्य ठरत नाही. श्रावकाचे अणुव्रत त्रस जीवांच्या संकल्पपूर्वक हिंसेचा त्याग आणि स्थावर जीवांविषयी मर्यादा सांगते. त्या मर्यादेचे नाव जयणा. बाग नसलेल्याने केवळ या अभ्यासासाठी बाग करू नये. परंतु जिच्यात घर राहते ती बाग आहेच, तर ती कमीत कमी जीवहानीने सांभाळणे हे कर्तव्य ठरते.

मोकाट सोडलेल्या बागेत हिंसा टळत नाही, उलट साचत जाते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी तुंबते, त्यात डासांची उत्पत्ती होते आणि मग घरात औषध फवारण्याची वेळ येते. ताटली दर दोन दिवसांनी कोरडी ठेवली असती तर हा प्रसंगच आला नसता. जीव उत्पन्न झाल्यावर मारण्यापेक्षा उत्पत्तीचे कारण टाळणे, ही जयणेची पहिली पायरी होय.

म्हणून बहुतेक काम चातुर्मासापूर्वी अथवा त्यानंतर करावे. भर पावसात, जीवांची उत्पत्ती सर्वाधिक असताना, माती खणू नये. खुरपे मारण्यापूर्वी जागा निरखावी आणि शक्य तेथे अवजाराऐवजी हात वापरावा. पाचोळा जाळू नये. पंधरा कर्मादानांत दवदानाचा, म्हणजे आग लावण्याचा, निषेध आहेच. तोच पाचोळा झाडांच्या आळ्यात पसरला तर त्याखाली उजेड पोहोचत नाही आणि बीजातून येणारे बरेचसे तण उगवतच नाही. जे उगवले नाही ते उपटावे लागत नाही.

हे आच्छादन म्हणजे संवर आणि उगवलेले तण काढणे म्हणजे निर्जरा, असे रूपक कोणी केले तर ते वावगे ठरणार नाही. नवा आस्रव रोखला नाही तर निर्जरेचे श्रम कधीच संपत नाहीत. रात्रीचे जेवण सोडायचे तर दुकान बंद करण्याची वेळ आधी बदलावी लागते. मोबाइलवरील निरर्थक वाद सोडायचा तर आधी त्या गटातून बाहेर पडावे लागते. नुसत्या निर्धाराने रोज तण उपटत बसण्यापेक्षा हे आच्छादन अधिक टिकते.

वहीचा क्रम

प्रतिक्रमणाचा अंतर्भाव सहा आवश्यकांत होतो. सामायिक, चतुर्विंशतिस्तव, वंदन, प्रतिक्रमण, कायोत्सर्ग आणि प्रत्याख्यान, असा श्वेतांबर परंपरेतील प्रचलित क्रम आहे. या क्रमात समभाव सर्वांत आधी आणि नवा संकल्प सर्वांत शेवटी येतो. मन अस्वस्थ असताना केलेली मोजदाद एकतर स्वतःला झोडपते किंवा स्वतःला फसवते. म्हणून आधी शांत व्हावे, मग मागे पाहावे, मग थोडे थांबावे आणि त्यानंतरच पुढचा नियम घ्यावा.

घरातील वहीसाठी एवढी शिस्त पुरेशी आहे. एका वेळी एकच वाफा आणि एकच नियम घ्यावा. रोज रात्री एक खूण करावी, अधिक लिहीत बसू नये. पक्खीला खुणा मोजाव्यात आणि कोणता राग अजून शिल्लक आहे ते पाहावे. चौमासीला नियमाची मर्यादा तपासावी. फार मोठा घेतला असेल तर तो लहान करावा, पण सोडू नये. नियम तुटला तर तारीख लिहावी आणि दुसऱ्या दिवशी तेथूनच पुढे चालावे. गुलाबाची छाटणी पावसाळा सरल्यावर होते, मोगऱ्याची हिवाळ्यात; छाटल्यानंतर काही दिवस झाड उघडेबोडके दिसते आणि तरीही माळी चिंता करीत नाही. नियम पुन्हा सुरू केल्यावरचे पहिले काही दिवस असेच उघडे वाटतात.

कलमी गुलाबाच्या बाबतीत आणखी एक दक्षता घ्यावी लागते. कलमाच्या जोडाखालून जंगली खुंटाची फूट येते. ती जोमाने वाढते, हिरवीगार दिसते आणि पाहणाऱ्याला झाड तरारले असे वाटते. प्रत्यक्षात लावलेला गुलाब मरत असतो. तपाच्या संख्येचा अभिमान, नियमांच्या वहीचे प्रदर्शन, इतरांच्या अतिचारांवर ठेवलेली नजर, ही सारी जोडाखालची फूट होय. वही स्वतःसाठी असावी. ती दाखवायचीच झाली तर गुरुमहाराजांना दाखवावी, पाहुण्यांना नव्हे.

मार्गशीर्षात एखाद्या सकाळी परस पुरते मोकळे होते. भिंतीलगतचा पट्टाही स्वच्छ असतो. त्या दिवशी वही मिटून ठेवावीशी वाटते आणि नेमकी हीच वेळ सावध राहण्याची असते. जमिनीत बिया आहेत, गाठी आहेत, पुढच्या आषाढात पाऊस येणारच आहे. रोजची दहा मिनिटे तेवढी चुकू नयेत.